उणे सत्तर

दारापासून चौथ्या पावलावर त्याला आकडा दिसला आणि किल्ल्यांचा जुडगा हातातच राहिला. दुसऱ्या नंबरच्या फ्रीझरवर, जिथे रोज सकाळी ऐंशी असायचे तिथे, लाल अक्षरांत सत्तर होते. प्रयोगशाळेत उणे कुणी म्हणत नसे. शून्याच्या वर जग असतं हेच विसरल्यासारखे सगळे नुसतं ऐंशी म्हणत, आणि ऐंशीचं सत्तर होणं म्हणजे आतल्या हजारो कुप्यांना दहा अंशांची ऊब लागणं, हे तिथे लहानथोर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या तोंडाला नाणं चघळल्यासारखी चव आली. चव ओळखीची होती. एकोणीस वर्षांपूर्वी, याच खोलीत, याच जागी, ती पहिल्यांदा आली होती आणि मग चौदा महिने रोज सकाळी येत राहिली होती. तो पुढे गेला, आजारी पोराच्या कपाळाला लावावा तसा फ्रीझरच्या कुशीला त्यानं तळहात लावला. आत कॉम्प्रेसर एका सुरात चालला होता, धाप नव्हती. दाराचं रबर बोटानं चाचपलं, मागच्या जाळीवरची धूळ पाहिली. सगळं जागच्या जागी. मग आकड्याखाली चिकटवलेलं पान दिसलं. हिरव्या कागदाचं, कात्रीनं कापलेलं, आणि त्यावर गोल गोल अक्षरांत लिहिलेलं : मी सत्तरवर सुखात आहे, मला ऐंशीवर नेऊ नका. म्हणजे बिघाड नव्हता. कुणीतरी मुद्दाम केलं होतं. छातीतला धसका उतरला, आणि उतरता उतरता त्याची जागा दुसऱ्याच कशानं तरी घेतली. ते अक्षर धाकटीचं होतं.

तिला सगळे धाकट्या बाई म्हणत. त्या मजल्यावर मोठ्या बाई आधीपासून होत्या, विभागाच्या प्रमुख, रक्तातल्या एका प्रथिनावर उभा जन्म घातलेल्या. त्यामुळे वर्षापूर्वी रुजू झालेली ही तरुण शास्त्रज्ञ पहिल्याच आठवड्यात धाकट्या बाई झाली. एका घरातल्या दोन जावांसारखं ते ऐकू येई आणि चहाच्या वेळी त्यावर विनोदही होत. तोंडावर तोही धाकट्या बाईच म्हणे. मनात मात्र नुसती धाकटी. त्याला स्वतःला काचकाका म्हणत. टेबलावरच्या पाटीवर मुख्य सहायक असं होतं, पण पाटी वाचतो कोण. तो नोकरीला लागला तेव्हा सगळं काम काचेवर चालायचं. बोटाएवढ्या नळ्या, हातभर लांब मापनळ्या, झाकणाच्या बशा, सगळं काचेचं. संध्याकाळी ते गोळा करायचं, तीनदा नळाच्या पाण्यानं आणि एकदा शुद्ध पाण्यानं धुवायचं, मापनळ्यांच्या तोंडाशी कापसाचा बोळा सारायचा, पत्र्याच्या लांब डब्यांत भरून भट्टीत भाजायचं. भाजलेल्या कापसाचा खरपूस वास त्याच्या कोटाला इतका बसला होता की बायको तो कोट इतर कपड्यांत धुवायची नाही. शेवटचं धुण्याचं पाणी तो टाकत नसे. पुढच्या खेपेच्या पहिल्या धुण्याला ते वापरी. मग प्लॅस्टिक आलं. पाकीट फाडायचं, एकदा वापरायचं, पिवळ्या पिशवीत टाकायचं. पहिल्या महिन्यात किती पिशव्या भरल्या ते त्यानं मोजून मोठ्या बाईंना सांगितलं होतं, जरा तावातावानंच. त्या तेव्हा काही फार मोठ्या नव्हत्या, नुकत्या प्रमुख झाल्या होत्या, आणि त्यांनी हसून त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. काका, दिवस बदलले, आता धुण्यात जन्म घालवायचा नाही, असं काहीसं त्या म्हणाल्या होत्या. शब्द नीट आठवत नाहीत, हाताचं वजन आठवतं. संशोधन करणाऱ्या पोरांनी तर त्याचा विषयच केला. काका मेल्यावर त्यांचा कोट धुऊन पुढच्या माणसाला देतील, असं एक पोरगी त्याच्या देखत म्हणाली होती आणि तोही हसला होता. काच भंगारात गेली. चाळीसेक मापनळ्या तेवढ्या त्यानं खालच्या कपाटात, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवल्या. का ठेवल्या, ते सांगता आलं नसतं.

सहा महिन्यांपूर्वी धाकटीला त्या सापडल्या. ती सगळीकडे हात घालणारी बाई होती. नळाखाली, कपाटामागे, कचऱ्याच्या पिशवीत. आल्या आल्या तिनं कुठे किती वीज जाते हे मोजायला सुरुवात केली. उग्र द्रव्यं हाताळायच्या कपाटाची काच वापर नसताना खाली ओढा, नाहीतर त्याचा पंखा खोलीतली थंड केलेली हवा दिवसभर बाहेर फेकतो, अशी पानं तिनं चिकटवली. आणि मग एका मीटिंगमध्ये तिनं त्याच्या वर्तमानपत्रातली एक मापनळी काढून सगळ्यांसमोर उजेडात धरली. ती म्हणाली, ही बघा, ही हजार वेळा वापरता येते. जणू काही नळी तिनंच फुंकून घडवली होती. काचेतून उजेड वाकून टेबलावर पडला, आणि मोठ्या बाई त्या उजेडाच्या तिरिपेकडे बघत म्हणाल्या, "अगं, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही?" आपल्याला म्हणाल्या. तो दाराजवळ खुर्ची नसल्यानं उभा होता. त्याच्या खांद्यावर, जिथे कधीतरी तो हात पडला होता, तिथे एकदम गार लागलं. कुणीतरी म्हणेल, काचकाका हेच सांगत होते, अशी त्यानं वाट पाहिली. मोठ्या बाई मागे वळून बघतील अशीही पाहिली. कुणी काही म्हणालं नाही. नंतर जिन्यात धाकटीनंच त्याला गाठलं आणि काका, मापनळ्या तुम्ही जपल्या होत्या ना, किती छान, असं म्हणाली. जपल्या होत्या. जुन्या पोथ्या जपाव्यात तशा, वाचता न येणाऱ्या माणसानं. तिचा तसा अर्थ नव्हता हे त्याला कळत होतं, आणि तो अर्थ नव्हता म्हणूनच जास्त लागत होतं. ती वाईट असती तर बरं झालं असतं. तिला मनसोक्त शिव्या देता आल्या असत्या.

तेव्हा त्या सकाळी, हिरव्या पानासमोर उभं असताना, त्याला पहिल्यांदा वाटलं की या खेपेला हिचा पाय घसरला आहे. दुसऱ्या नंबरमध्ये मोठ्या बाईंचे सर्वांत जुने नमुने होते. त्यांना न विचारता तापमान बदललं, म्हणजे देवघरात चपला घालून जाण्यासारखं. तो फ्रीझरच्या आकड्यांची रोजची वही न भरताच मोठ्या बाईंच्या खोलीकडे निघाला. इतक्या वर्षांत त्यानं कुणाची चुगली केली नव्हती आणि आज पाय कसे हलके पडत होते. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं, चष्मा काढला, टेबलावरच्या ढिगातून तीन दिवसांपूर्वीचं एक पत्र शोधून काढलं. धाकटीनं रीतसर कळवलं होतं. सोमवारपर्यंत हरकत आली नाही तर एक फ्रीझर करून बघते, असं. त्यांचं वाचायचं राहून गेलं होतं. म्हणजे पाय घसरला तो त्याचाच. तरी अकरा वाजता सगळ्यांना बोलावणं गेलं.

धाकटीनं मांडलं ते नीट मांडलं. एकेक फ्रीझर दिवसाला एका घराइतकी वीज पितो. दहा अंश वर आणलं तर त्यातली पाव ते एक तृतीयांश वाचते, यंत्र कमी दमतं, जास्त वर्षं जगतं. दुसऱ्या देशांतल्या प्रयोगशाळांनी कधीच केलं आहे. पूर्वी सगळे सत्तरच ठेवत, ऐंशी हे यंत्रं विकणाऱ्यांनी आणलेलं फॅड आहे. यावर दोघं-तिघं हसले. मोठ्या बाई हसल्या नाहीत. त्या हातातल्या पेन्सिलीचं टोक बघत होत्या. मग त्या म्हणाल्या, "दुसऱ्यांचं मला सांगू नकोस. आपलं प्रथिन नाजूक आहे. आपल्या नमुन्यांतली वर्षभर सत्तरवर राहिलेली एक तरी कुपी दाखव, मी सहाच्या सहा फ्रीझर सत्तरवर आणते. तोवर ऐंशी." आणि मान न वळवता, तो तिथे असणारच हे गृहीत धरून, त्या पुढे म्हणाल्या, "काका, तेवढं परत खाली न्या."

तेवढं मान न वळवता म्हणणं त्याला किती दिवसांनी मिळालं होतं. तो गेला, बटण दाबून धरलं, आकडा लुकलुकायला लागला तसा एक एक खाली उतरवला. एकाहत्तर, बहात्तर. कॉम्प्रेसरनं आवाज चढवला. ते पान त्यानं नखानं सोडवलं, पण फाडलं नाही. काही टाकायचं म्हटलं की त्याचा हात अडतोच. पान दुमडून खिशात गेलं. मागे वळला तर दारात धाकटी. रडकुंडीला आलेली असेल असं वाटलं होतं, तर ती दाराच्या चौकटीला टेकून सफरचंद खात होती. म्हणाली, "वर्षभर तर वर्षभर, काका. वीस कुप्या छोट्या फ्रीझरमध्ये सत्तरवर ठेवते, वीस ऐंशीवर. पुढच्या वर्षी याच वेळेला मोठ्या बाईंच्या टेबलावर निकाल." मग सफरचंदाचा घास गिळून ती म्हणाली, "फक्त रोजचा आकडा तुम्ही लिहायचा. मी लिहिला तर म्हणतील हिनं आपल्या सोयीनं लिहिला. तुमच्या वहीवर त्या डोळे मिटून सही करतात म्हणे."

तो बरं म्हणाला. याशिवाय काय म्हणणार. ती गेल्यावर तो फ्रीझरच्या खोलीतल्या उंच स्टुलावर बसला. सहा यंत्रांची घरघर कानांत एकमेकांत मिसळत होती, आणि त्या घरघरीच्या तळाशी एक सातवी होती, जी फक्त त्यालाच ऐकू यायची. एकोणीस वर्षांपूर्वीच्या जुन्या दुसऱ्या नंबरची. त्या वर्षी मोठ्या बाईंची आई अंथरुणाला खिळली होती. त्या दुपारनंतर दोन तास यायच्या, उभ्या उभ्या सह्या करायच्या आणि पळायच्या. जाताना एकदा किल्ल्या त्याच्या हातावर ठेवून म्हणाल्या होत्या, काका, तुमची वही म्हणजे माझे डोळे. त्या वाक्यावर तो किती दिवस जगला होता. आणि मग एका सोमवारी सत्तर. दार रात्री उघडं राहिलं असेल, दुपारपर्यंत उतरेल, असं म्हणून त्यानं वहीत ऐंशी लिहिलं. दुपारी एकाहत्तर. मंगळवारी सत्तर. बुधवारी दुरुस्तीवाला आला, पाठीवर झोपून त्यानं आत टॉर्च मारला आणि उठून पँट झटकत निकाल दिला की हा आता म्हातारा झाला, सत्तर धरील, त्याखाली काही जाणार नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी सांगता आलं असतं. पण सांगायचं म्हणजे सहाशे कुप्या संशयात, मोठ्या बाईंची अकरा वर्षं संशयात, आणि घरी त्यांची आई. शिवाय, हे तो स्वतःशीही फार उशिरा कबूल करायला लागला, बुधवारपर्यंत वहीत दोन दिवसांचं खोटं जमा झालेलं होतं. डोळ्यांनी खोटं पाहिलं होतं. म्हणून तिसऱ्या दिवशीही ऐंशी. चौथ्या दिवशी हात आपोआप लिहू लागला. मोठ्या बाई येत, वहीवर सही करत, आकड्याच्या दिव्याकडे एकदाही बघत नसत. तो त्यांच्यापासून सहा पावलांवर लाल अक्षरांत जळत असे. एकदा तरी त्यांनी मान वर करावी म्हणून तो देवाची प्रार्थना करी आणि करू नये म्हणूनही करी, आणि दोन्ही एकाच श्वासात. चौदा महिन्यांनी सगळेच फ्रीझर नवे आले, जुने गेले, कुप्या नव्यात गेल्या आणि आकडा पुन्हा ऐंशी झाला. कुणाला कळलं नाही.

पण खोटं लिहिणं जमलं तरी खरं न लिहिणं त्याला जमलं नव्हतं. रोज संध्याकाळी घरी आल्यावर, बूट काढायच्या आधी, तो एका छोट्या डायरीत खरा आकडा लिहून ठेवी. तारीख, सकाळचा आकडा, दुपारचा आकडा. चौदा महिने, एक दिवस न चुकता. ती डायरी जुन्या कोटाच्या खिशात, कपाटाच्या वरच्या खणात होती. आणि स्टुलावर बसल्या बसल्या त्याला हळूहळू उमगलं, इतक्या वर्षांत कसं उमगलं नाही याचंच नवल वाटावं इतकं सोपं, की मोठ्या बाईंना हवी होती ती कुपी तयारच आहे. एक नाही, सहाशे. आणि त्यांच्या जोडीला सहाशे. कारण मोठ्या बाईंची सुरुवातीपासूनची रीत होती की प्रत्येक नमुन्याच्या दोन कुप्या करायच्या, एक पहिल्या नंबरमध्ये, एक दुसऱ्यात. एक फ्रीझर बसला तरी दुसरी हाताशी राहावी. पुढच्या वर्षांत त्यांतल्या कित्येक जोड्या उघडल्या गेल्या होत्या, त्यांतलं प्रथिन मोजलं गेलं होतं आणि आकडे जुळले होते. प्रत्येक वेळी तो दाराजवळ उभा राहून घाम पुसत होता आणि प्रत्येक वेळी ते जुळले होते. धाकटी जे वर्षभरानं टेबलावर ठेवणार होती, ते त्याच्या कोटाच्या खिशात एकोणीस वर्षं पडून होतं. मापनळ्यांसारखं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं.

घरी गेला तर बायकोला चेहऱ्यावरूनच कळलं. ती शाळेत शिकवून निवृत्त झालेली, न विचारता उत्तर तपासणारी. "काय, धाकटीनं आज काय पराक्रम केला?" तिनं विचारलं. त्यानं फ्रीझरचं सांगितलं, वरवर. ती म्हणाली की पोरगी बरोबर बोलते, आणि तुमच्या त्या ऐंशीवाल्या कपाटापेक्षा आपला फ्रीज बरा, निदान त्यातलं खाता तरी येतं. तो जेवत राहिला. समोरच्या भिंतीवर ती चौकट होती. मोठ्या बाईंचा जो लेख गाजला त्याच्या शेवटी, आभारांच्या चार ओळींत, त्याचं पूर्ण नाव होतं. नमुन्यांची चोख देखभाल केल्याबद्दल. बायकोनं ते पान मोठं करून काच लावून घेतलं होतं. बारा वर्षं तो त्या भिंतीकडे पाठ करून जेवत आला होता, आणि आज कसा कोण जाणे उलट्या बाजूला बसला होता. बायको म्हणाली, "तुमच्या पोटात दुखतंय. गोळी देऊ का?" आणि हसली. मग हसू आवरून, भांडी उचलता उचलता, सहज म्हणाल्यासारखं म्हणाली, "थोरली सून असतेच अशी. घरात धाकटी आली की हिला आपलंच जुनं लुगडं तिच्या अंगावर दिसायला लागतं."

त्याला राग आला नाही. उलट असं वाटलं, की कुणीतरी नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवलं आणि आता ते काढू नये. त्यानं स्टूल घेतलं, वरच्या खणातून कोट काढला. कोटाला अजून कापसाचा वास होता, किंवा त्याला तसं वाटलं. डायरी हातात घेऊन तो पलंगाच्या कडेला बसला. गप्प राहिलं तर काय होईल, हे त्यानं व्यवस्थित, एखादा प्रयोग आखावा तसं मांडून पाहिलं. वर्षभर सहा फ्रीझर ऐंशीवर घरघरतील. वर्षभर तो रोज सकाळी धाकटीच्या कुप्यांचा आकडा लिहील, अगदी खरा. वर्षानं ती काचेच्या नळीसारखा तो निकाल उजेडात धरेल आणि मोठ्या बाई म्हणतील, हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही. तो दाराजवळ उभा असेल. ते वाक्य पुन्हा एकदा ऐकायचं, या विचारानंच त्याचे कान तापले. आणि सांगितलं तर? सांगितलं तर मोठ्या बाई. तिथे त्याचं मन चालेना. पाण्यावर ठेवलेल्या पायासारखं लगेच मागे येई. सगळं आयुष्य त्यांच्या न वळणाऱ्या मानेच्या आधारानं उभं होतं. खरेपणासाठी सांगायचं असतं तर एकोणीस वर्षांत सहा हजार संध्याकाळी मिळाल्या होत्या. आता सांगावंसं वाटत होतं ते खरेपणासाठी नव्हतं. विजेसाठी तर नव्हतंच. हे आधी माझ्याकडे होतं, एवढंच कुणीतरी एकदा मोठ्यानं म्हणावं म्हणून होतं, आणि हे इतकं क्षुद्र होतं की ते स्वतःपासून लपवायलाही त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. डायरी त्यानं उद्याच्या कोटाच्या खिशात घातली. तिथे हिरवं पान होतं.

सकाळी मोठ्या बाई खिडकीपाशी उभ्या राहून चहा पीत होत्या. त्यानं डायरी टेबलावर ठेवली आणि ठरवलेल्या शब्दांतला एकही शब्द न वापरता सांगून टाकलं. सोमवार, दुरुस्तीवाला, चौदा महिने. सांगताना तो त्यांच्या कपाकडे बघत होता. कप बशीवर टेकला तेव्हा आवाज झाला नाही. त्यांनी इतका हळू टेकवला. त्यांनी डायरी उघडली, पहिलं पान वाचलं, मधलं वाचलं, शेवटचं वाचलं. मग उठून कपाटातून त्या सालची मोठी वही काढली आणि दोन्ही शेजारी ठेवून तारखांवरून बोट फिरवू लागल्या. सत्तर, ऐंशी. एकाहत्तर, ऐंशी. दोन्हीकडे त्याचंच अक्षर. मोठ्या वहीत प्रत्येक ओळीच्या शेवटी त्यांची सही.

"तीन लेखांत मी ऐंशी लिहिलंय," त्या म्हणाल्या. स्वतःशीच म्हणाल्यासारखं. "तिन्ही मासिकांना पत्रं लिहावी लागतील."

तो उभाच होता. एरवी त्यांनी बसायला सांगितलं असतं.

"मी न बघता सही करायचे, काका."

एवढंच. त्यात राग असता तर धरायला काही मिळालं असतं. त्यांनी फोन उचलून धाकटीला बोलावलं. ती धावतच आली. मोठ्या बाईंनी डायरी तिच्यापुढे सरकवली आणि हे काय आहे ते मोजक्या शब्दांत सांगितलं. तो बाहेर पडला, पण दार पूर्ण ओढून घेतलं नाही. व्हरांड्यातून, दाराच्या फटीतून, त्याला दोन डोकी दिसली, एक पांढरं, एक काळं, एकमेकांना जवळजवळ टेकलेली, त्याच्या बारक्या अक्षरावर वाकलेली. धाकटी काहीतरी म्हणाली, मोठ्या बाईंनी पान उलटलं, दोघींची बोटं एकाच ओळीवर गेली. एकेक तारीख त्या वाचत होत्या. बूट न काढता लिहिलेल्या त्या संध्याकाळी. त्याला वाटलं होतं, सांगितल्यावर पोटातलं ते निघून जाईल. ते गेलं नव्हतं. ते आता त्या डायरीवर जाऊन बसलं होतं. त्याला त्याच्याच डायरीचा हेवा वाटत होता, ती त्या दोघींच्या मधे होती म्हणून.

पुढचे तीन आठवडे दुसऱ्या नंबरमधल्या जुन्या कुप्या निघत राहिल्या. चाळीस नमुने, प्रत्येकाची जोडी पहिल्यातली. कामाला मोठ्या बाई स्वतः बसल्या, किती वर्षांनी त्यांनी हातमोजे घातले होते. मापनळ्या लागल्या त्या काचेच्या घेतल्या गेल्या. तो धुऊन, भाजून, डबे आणून ठेवी, त्या घेत. काका, हे द्या, ते ठेवा, यापलीकडे बोलणं नव्हतं. नमुने जुळले, सगळेच्या सगळे. तीन मासिकांना तीन पत्रं गेली. धाकटीनं अहवाल लिहिला आणि त्यात एका ओळीत असं आलं की चौदा महिन्यांच्या खऱ्या नोंदी एका सहायकाच्या खासगी डायरीतून मिळाल्या. नाव घालू का, असं ती त्याला विचारायला आली होती. मोठ्या बाई काय म्हणाल्या, असं त्यानं विचारलं. ती अडखळली आणि म्हणाली की त्या म्हणाल्या, त्यांनाच विचार. त्यानं हातातल्या मापनळीच्या तोंडाशी बोळा सारला. नको म्हणाला. जिथे नाव होतं ती चौकट घरी भिंतीवर होतीच. ती उतरवायची, तर बायकोला सगळं सांगावं लागलं असतं. ते त्यानं त्याच संध्याकाळी सांगितलं. तिनं चौकट उतरवून भिंतीला टेकवून ठेवली, आणि भिंतीवर तिच्या जागी पांढरा चौकोन राहिला.

वहीची पद्धत बदलली. मोठ्या बाईंनी सूचनाफलकावर लावलं की यापुढे एकानं आकडा सांगायचा, दुसऱ्यानं लिहायचा आणि दोघांनी सही करायची. खाली कारण दिलेलं नव्हतं, द्यायची गरजही नव्हती. सहाच्या सहा फ्रीझर सत्तरवर आले त्या सकाळी तो नेहमीच्या वेळी पोचला तर धाकटी आधीच आत होती, वही हातात, दोरीला बांधलेलं पेन बोटांत. खोलीतली घरघर बदललेली होती, खालच्या पट्टीत गेल्यासारखी. त्यानं खिशातून ते हिरवं पान काढलं, त्याच्या घड्या मोडल्या आणि चिकटपट्टीनं दुसऱ्या नंबरवर पुन्हा लावलं. ती बघत होती. काही म्हणाली नाही, त्याबद्दल त्यानं मनातल्या मनात तिचे आभार मानले आणि लगेच मागे घेतले.

"सांगा काका," ती म्हणाली.

"पहिला. सत्तर."

तिनं पेन टेकवलं, मग मान वर केली, आकड्याच्या दिव्याकडे बघितलं आणि मग लिहिलं. त्याला ते सुईसारखं बोचलं. पंचवीस वर्षं या खोलीत त्याच्या शब्दावर कुणी मान वर केली नव्हती.

"दुसरा. एकाहत्तर."

तिनं मान वर केली. बघितलं. लिहिलं. तिच्या गळ्यावर, कानाच्या खाली, झोपेतला उशीचा वळ अजून होता. ती त्याच्याआधी पोचायचं म्हणून किती लवकर उठली असेल. एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या सोमवारी कुणीतरी अशीच मान वर केली असती तर, असं त्याच्या मनात आलं.

"तिसरा," तो म्हणाला, "सत्तर," आणि लगेच चौथ्याकडे न वळता, तिनं वर बघायची वाट पाहत तो तिथेच थांबला.